नेट चालू असताना आलेले फोन

आमच्या घरात लिंबू-मिरची फक्त स्वयंपाकघरात. दारावर कधी टांगली नाही. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली बाई आहे, झाकण उघडून आतलं बघितल्याशिवाय माझा कशावर विश्वास बसत नाही. लोकांचे गूढ अनुभव मी आवडीनं वाचते, पण वाचताना मनात एकच चालू असतं — सांगणारा काहीतरी लपवतोय, कुठंतरी पाणी मुरतंय. सुधीर, म्हणजे माझे मिस्टर, म्हणतात की तू भाजीवाल्याचीसुद्धा उलटतपासणी घेतेस. खरं आहे ते. आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं त्यात माझ्या या स्वभावाचा बराच हात आहे.

गोष्ट दोन हजार सालानंतरच्या त्या कोरड्या वर्षांची. आताचं छत्रपती संभाजीनगर, तेव्हा आम्ही औरंगाबादच म्हणायचो. सिडकोत एन-सहाला आम्ही एका रो-हाउसमध्ये भाड्यानं राहत होतो. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि मागं एक खोली, वर एक बेडरूम. जायकवाडीत नुसता गाळ दिसत होता, नळाला चौथ्या दिवशी पाणी, ते पण कधी पहाटे तर कधी भर दुपारी. माणसं भेटली की कसं काय विचारायच्या आधी "पाणी आलं का?" विचारायची. आणि शहर मात्र नेमकं तेव्हाच चहूबाजूंनी सुटलं होतं. बीड बायपासच्या पलीकडं रोज नवीन पाटी... अमुक नगर, तमुक विहार. प्यायला पाणी नाही आणि शेतांचे प्लॉट पाडणं जोरात. आम्हीही त्याच रांगेतले. तिकडं एक छोटा प्लॉट घेतला होता, भूमिपूजन झालं होतं आणि उन्हाळ्यात बांधकाम सुरू करायचं ठरलं होतं.

घरात आम्ही तिघं. सुधीर वाळूजला एका कंपनीत, मी, आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे, आमच्याकडं तसंच म्हणतात. मामंजी गेल्यावर त्या पैठणचं घर बंद करून आमच्याकडं आल्या. गुडघ्यांमुळं जिना चढता येत नव्हता, म्हणून मागची खोली त्यांची. बोलायच्या कमी. म्हणजे... माझ्याशी कमी. भांडण वगैरे काही नव्हतं. त्यांचा चहा, गोळ्या, जेवण सगळं मी वेळेवर करत होते. पण आम्ही दोघी दिवसभर एका घरात असून दिवसाकाठी दहा वाक्यंसुद्धा होत नसतील.

मी घरून काम करायचे. पुण्याच्या एका प्रकाशकाचं मराठी टायपिंग आणि पानं लावायचं काम होतं, फाइली ई-मेलनं यायच्या-जायच्या. त्यासाठी डायल-अप घेतलं होतं. कंपनी गावातलीच, अगदी स्वस्तातली. नाव सांगत नाही, आता ती नाहीच. त्यांच्याकडं लाइनीच मोजक्या, त्यामुळं नंबर सदा एंगेज. आठ-दहा वेळा डायल केल्यावर कधीतरी तो आवाज यायचा. आधी टिकटिक, मग लांब शिट्टी, मग खर्रर्र... ज्यांनी तो ऐकलाय त्यांना सांगायला नको. दुपारी दोनच्या सुमाराला मात्र हमखास लागायचं. म्हणून माझी कामाची वेळ ठरलेली — दोन ते साडेतीन.

आता एक तांत्रिक गोष्ट, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे म्हणून सांगते. आमच्याकडं फोनची लाइन एकच. हॉलमध्ये सोफ्यामागं भिंतीवर एक पांढरी डबी होती. तिच्यातून एक वायर माझ्या कॉम्प्युटरच्या मोडेमला आणि दुसरी मागच्या खोलीतल्या फोनला, जिन्याच्या कडेकडेनं. म्हणजे नेट चालू असताना मागं कुणी रिसीव्हर उचलला की इकडं कनेक्शन कट. आणि नेट चालू असताना बाहेरून फोन येणं शक्यच नाही, करणाऱ्याला एंगेज लागणार. त्या काळी साध्या लाइनीवर दुसरं काही होऊ शकत नव्हतं.

पहिल्या महिन्यात आत्याबाईंनी दोन-चारदा फोन उचलला आणि माझं डाउनलोड नव्वद टक्क्यांवर तुटलं. मला तेव्हाच वाटलं होतं, मुद्दाम करतात. मी त्यांना सांगितलं, "दोन ते साडेतीन फोनला हात लावू नका." त्या "बरं" म्हणाल्या आणि खरंच लावेनाशा झाल्या.

मग फेब्रुवारीतली एक दुपार. मोठी फाइल उतरत होती. स्क्रीनच्या कोपऱ्यात ते दोन चिमुकले कॉम्प्युटर लुकलुकतायत, मोडेमचे लाल दिवे चालू. आणि मागच्या खोलीतून आत्याबाईंचा आवाज.

"परवा आलं होतं. दोन पिंपं भरली... नाही, मोटर लावत नाही आम्ही."

मला वाटलं शेजारच्या कुणी आल्या असतील. उठून बघितलं तर खोलीत एकट्याच. पलंगावर पाय सोडून बसलेल्या, रिसीव्हर कानाला, आणि चेहऱ्यावर... कसं सांगू, आमच्याकडं आल्यापासून तो चेहरा मी बघितला नव्हता. मी तरातरा हॉलमध्ये आले. नेट गेलंच असणार अशी खात्री होती. पण फाइल उतरत होती. मागं त्या बोलत होत्या आणि इकडं फाइल उतरत होती.

काय वाटलं असेल मला? भीती? अजिबात नाही. मला वाटलं, नाटक चाललंय. रिसीव्हर नीट उचललाच नसेल, खालचं बटण दाबून धरलं असेल, आणि मला ऐकवायला मोठ्यानं बोलतायत. सुनेला फोनबंदी करता येते काय, बघ म्हणावं.

चहाच्या वेळी सहज विचारल्यासारखं विचारलं, "कुणाचा फोन होता, आत्याबाई?"

"असाच."

"पण वाजल्याचं मला ऐकू नाही आलं."

"वाजला की," त्या म्हणाल्या आणि बशीत चहा ओतला.

त्यानंतर आठवड्यातून तीन-चारदा. दोन वाजून गेले की बोलणं सुरू. मी हळूच दारापाशी जाऊन बघायचे. बटणावर बोट नसायचं. मध्येमध्ये थांबून ऐकायच्या, "हं... हं..." करायच्या, मग उत्तर द्यायच्या. एकदा मी सरळ आत गेले आणि त्यांच्या हातातून रिसीव्हर घेतला. आज लाज वाटते, पण घेतला. कानाला लावला तर आत नुसता मोडेमचा आवाज — खर्रर्र. आणि त्याच क्षणी हॉलमधून टुक् झालं, नेट कट. त्या माझ्याकडं बघत म्हणाल्या, "काय म्हणतायत?"

"काही नाही. आवाज येतोय नुसता."

"तुला येत असेल," म्हणाल्या.

रात्री जेवताना सुधीरना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "वय झालंय तिचं. बोलायला कुणी नाही तिला, त्या खरखरीत काहीतरी ऐकू येत असेल. बोलू दे ना." मलाही ते पटलं. म्हातारपण, एकटेपण... डॉक्टरांना दाखवू असं ठरलं. फक्त एक गोष्ट डोक्यातून जाईना. मी उचलला की नेट कट होतं. त्यांनी उचलला की का होत नाही?

लाइनमन सोनवणेंना बोलावलं. ते दुपारी आले, खांबापासून डबीपर्यंत लाइन तपासली. मी नेट जोडलं. ते म्हणाले, "मावशी, उचला बरं तुमच्याकडचा." आत्याबाईंनी उचलला. कनेक्शन कट! पुन्हा जोडलं, पुन्हा उचलायला लावला, पुन्हा कट. सोनवणे हसले. "मॅडम, लाइन एकदम ओके हाय. आन तुम्ही म्हणता तसं होतच नसतं. तुमचं त्ये नेटच लई हलकं हाय, त्येच्या मनाला येईल तवा चालतंय, येईल तवा बंद."

सोनवणे गेल्यावर मी आत्याबाईंच्या खोलीत डोकावले. त्या गालातल्या गालात हसत होत्या, असं मला वाटलं. नक्की सांगता येणार नाही.

इथवर हे सगळं घरातल्या घरात होतं. मार्चमध्ये प्रकरण प्लॉटवर आलं.

एक दिवस सकाळी आत्याबाई सुधीरना म्हणाल्या, "त्या जागेत तोडलेल्या निंबाचं खोड आहे ना, तिथून अकरा पावलं रस्त्याकडं... तिथं खांब घेऊ नका. खाली विहीर आहे."

सुधीर दाढी करत होते, तसेच वळले. "कुणी सांगितलं?"

"फोनवर सांगितलं."

माझ्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. म्हणजे फोन खरेच होते! गायके नावाचा एक एजंट त्या वेळी आमच्या मागं होता. शेजारचे दोन प्लॉट त्यानं कुणासाठी तरी घेतले होते आणि मधला आमचा त्याला हवा होता. दोनदा घरी येऊन गेला होता, आम्ही नाही म्हणालो होतो. आता तो म्हातारीच्या कानात भरवतोय — जागा वाईट आहे, खाली विहीर आहे. मुलगा घाबरेल आणि जागा सोडेल. किती सोपं! नेट कट का होत नाही वगैरे प्रश्न मी बाजूला टाकून दिले. माणसाला आपल्या आवडीचा संशय मिळाला की बाकीचं दिसत नाही.

"त्याला काय काय सांगितलंत तुम्ही?" मी आत्याबाईंना विचारलं. "कागद कुठं ठेवलेत ते विचारलं का त्यानं? नाव काय सांगितलं?"

"नाव नाही विचारलं मी."

"रोज बोलता आणि नाव माहीत नाही?"

"कशाला लागतंय नाव?" त्या म्हणाल्या. "मोठ्या बहिणीला म्हणावं तसं आपा म्हणतात मला. पाणी आलं का विचारतात, गुडघे कसे आहेत विचारतात. शेताचं सांगतात. विहिरीचं सांगितलं परवा."

आत्याबाईंनी तो प्लॉट एकदाच बघितला होता, भूमिपूजनाला, तोही रिक्षात बसून. खोड तिथून दिसत असेल, मान्य. पण पावलं?

दुसऱ्या दिवशी मी माझा सापळा लावला. सव्वा वाजता आत्याबाई जेवून आडव्या झाल्या, डोळा लागल्याचं बघून आले. मग हॉलमध्ये सोफा सरकवून डबी उघडली आणि मागच्या खोलीकडं जाणाऱ्या वायरीच्या दोन्ही तारा स्क्रू सैल करून बाहेर काढल्या. टोकांना चिकटपट्टी गुंडाळली. सोफा परत जागेवर. आता मागचा फोन म्हणजे प्लॅस्टिकचं खेळणं, त्याच्यात काहीही येऊ शकत नाही. मी नेट जोडलं, पुण्याची फाइल लावली आणि बसले.

दोन वाजून दहा-बारा मिनिटांनी मागून आवाज आला. आत्याबाई हसत होत्या. मनापासून, खळखळून, माहेरच्या माणसाशी बोलताना बायका हसतात तसं. मी स्क्रीनकडं बघितलं, फाइल चालू. चपला न घालता, आवाज न करता, मी जाऊन दारात उभी राहिले. त्यांची पाठ माझ्याकडं होती. तोंड खिडकीकडं, रिसीव्हर कानाला.

त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "हो का? दारात उभी आहे?" वळून बघितलं नाही. पुन्हा थोडं ऐकलं. "वायर काढली म्हणता? असू द्या. तिचा स्वभाव आहे तो. मनानं वाईट नाही."

दुपारचे सव्वादोन, बाहेर रखरखीत ऊन, टँकरमागं बायकांची भांडणं ऐकू येतायत... आणि माझ्या अंगावर सरसरून काटा. मी तशीच मागं फिरले, सोफा ओढला, डबी बघितली. तारा मी ठेवल्या तशाच बाहेर, चिकटपट्टीसकट.

आजही मी स्वतःशी वकिली करते. झोपल्याचं सोंग घेतलं असेल. सोफा सरकल्याचा आवाज ऐकला असेल. मला दारात खिडकीच्या काचेत बघितलं असेल. तीनही गोष्टी शक्य आहेत. पण मग त्या बोलत कुणाशी होत्या, आणि हसत कशाला होत्या?

सुधीरना मी एवढंच म्हटलं, "खांबांचे खड्डे घ्यायच्या आधी तिथं एकदा खणून बघू या." ते चिडले. "तू पण?" पण आईच्या मनाची शांती म्हणून तयार झाले. आमचे ठेकेदार शेख मिस्त्री आधी कुरकुरले, "साहेब, कडक मुरूम हाय इथं, मी चारी कोपऱ्यांत पहार मारून बघितली." सुधीरनी खोडापासून अकरा पावलं मोजली. नेमका पुढच्या खांबाचा, वरच्या टाकीखालचा, खड्डा तिथंच येत होता. मिस्त्रींनी दोन गडी लावले.

कमरेएवढं खणलं आणि मुरूम संपला. खाली भुसभुशीत काळी माती, विटांचे तुकडे, जुनी कौलं. अजून हातभर खाली गेल्यावर पहार दगडावर वाजली. माती बाजूला केली तर घडीव दगडांची गोल कड. एकावर एक, चुन्यात बसवलेली. बुजवलेली विहीर! आणि त्या कोरड्या सालात आतली माती हाताला ओली लागत होती.

मिस्त्री कडेला बसले, टोपी काढून डोकं पुसलं. "साहेब, हिच्यावर खांब गेला असता तर पहिल्या मोठ्या पावसात घर बसलं असतं. माणसांसकट."

सुधीर घरी येऊन आईच्या खोलीत गेले आणि बराच वेळ तिच्या पायाशी बसून राहिले. मी बाहेर थांबले.

आता माझा संशय तर वाढलाच. गायकेनं घाबरवायला थाप मारली असती तर ती खरी कशी निघेल? म्हणजे ज्याला विहीर ठाऊक आहे असाच कुणीतरी. ज्याच्याकडून प्लॉट घेतला तो म्हणाला, "आम्ही शेत घेतलं तेव्हा नव्हती बुवा विहीर, नकाशात दाखवा." नकाशात खरंच नव्हती. त्याच्याकडून मूळ मालकांचा पत्ता काढला. शहागंजात त्यांच्या घरातल्या रफीकभाईंचं बादल्या-पिंपांचं दुकान होतं. दुष्काळामुळं गिऱ्हाईक मावत नव्हतं. आम्ही विहिरीचं नाव काढलं आणि त्यांनी हातातलं पिंप खाली ठेवलं.

"विहीर?" ते म्हणाले. "ती तर मी लहान असताना बुजवली. माझी एक बहीण पडली होती तिच्यात... गेली. मग गफूरचाचांनी स्वतः बुजवली. कागदावर कधी चढलीच नव्हती. भाभी, तुम्हाला कोण बोललं? ये तो घर की बात है."

आता ते आमच्याकडं संशयानं बघत होते आणि मी त्यांच्याकडं.

"फोन आला होता," मी म्हटलं. "तुमच्या घरातून कुणी केला का?"

"आमच्या घरात आता ती नेमकी जागा ठाऊक असलेला एकच माणूस. चाचा. ते खुलताबादला असतात मुलाकडं. त्यांना लकवा मारून चार साल झाले. जबान गेली पूर्ण. हू की चू नाही."

सुधीर म्हणाले, बास, आता सोडून दे. मी सोडणार? रविवारी शेजाऱ्यांची ओम्नी मागून घेतली आणि आत्याबाईंना घेऊन आम्ही खुलताबादला गेलो. त्यांना सांगितलं, जमिनीच्या जुन्या मालकांना भेटू, आभार मानू. खरं कारण वेगळं होतं. मला दोघांना समोरासमोर बसवायचं होतं. ओळख असेल तर नजरेत दिसेलच ना!

दर्ग्याच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर. गफूरचाचा खिडकीपाशी खाटेवर, पाठीला उशा. हाडकुळा माणूस, पांढरी दाढी, डावा हात मांडीवर निर्जीव पडलेला. त्यांच्या सुनेनं आम्हाला पाणी दिलं, त्या दिवसांत पाहुण्याला भरलेला पेला देणं म्हणजे काय ते ज्यांनी भोगलंय त्यांनाच कळेल. मी पेला हातात धरून भिंती बघत होते. फोन कुठंय? वायर कुठंय? फोन नव्हता. सुनेनं सांगितलं, काही निरोप असला तर नाक्यावरच्या दुकानात येतो.

मी विचारलं, "काहीच बोलत नाहीत का?"

"आवाज नाही निघत. पर दोपहर को सोते नहीं," ती म्हणाली. "दोन वाजले की ओठ हलतात त्यांचे. पहिलं वाटलं पाणी मागतात. दिलं तर घेत नाहीत. मध्येच थांबतात, कुणाचं ऐकल्यासारखं. कधी हसतात पण. डॉक्टर बोला, बीमारी का असर है, होतं असं."

होतही असेल. मी डॉक्टर नाही.

सुधीरनी विहीर सापडल्याचं सांगितलं. चाचा त्यांच्याकडं नाही, आत्याबाईंकडं बघत होते. अनोळखी माणसाकडं बघावं तसं, जरा संकोचून. आत्याबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "बरं आहे का?"

चाचांचे ओठ हलले. आवाज शून्य. आत्याबाई त्यांचं संपेपर्यंत थांबल्या, आणि मग म्हणाल्या, "हो, कड तशीच आहे. एक दगड नाही हलला. तिच्या नावानं आम्ही फूल वाहू."

तिच्या म्हणजे विहिरीच्या, की त्या मुलीच्या? मुलीचं आम्ही आत्याबाईंना सांगितलं नव्हतं. मी नव्हतं सांगितलं, सुधीरही नाही म्हणतात. म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांच्या सुनेनं घाईनं पुसलं.

परतताना दौलताबादजवळ मी न राहवून विचारलं, "आत्याबाई, हेच होते का?"

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "मंजू, तू त्यांच्या भिंतीवर काय शोधत होतीस गं?"

"कुठं काय... काही नाही."

"वायर," त्या म्हणाल्या. "आजारी माणसाच्या घरात जाऊन वायर शोधत होतीस."

सोमवारी मी सोफा सरकवून दोन्ही तारा परत जोडल्या. दोन वाजता नेट लावलं आणि कान देऊन बसले. अडीच झाले, तीन झाले. मागं शांतता. जाऊन बघितलं तर आत्याबाई पलंगावर बसलेल्या, शेजारी फोन, हात मांडीत. मंगळवारीही तसंच. बुधवारीही. शेवटी मी विचारलं, "फोन नाही आला?"

"नाही."

"का?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागावलेल्या नव्हत्या, नुसत्या थकलेल्या दिसत होत्या. "मला काय विचारतेस? तूच बघ तुझ्या डबीत."

महिन्याभरानं पिंप घ्यायला शहागंजात गेले होते. रफीकभाईंनी आपणहून सांगितलं, "भाभी, तुम्ही येऊन गेलात तेव्हापासून चाचा दोपहर को सो जाते हैं. ओठ पण नाही हलवत. घरचे खूश आहेत, आराम मिळतो म्हणून." मी मान डोलावली. मला काही आनंद झाला नाही.

घराचा नकाशा सरकवून घेतला, विहीर मोकळी ठेवली, गाळ काढला. पुढच्या पावसाळ्यात तिला पाणी आलं, अजून आहे. अर्धी कॉलनी उन्हाळा तिच्यावर काढते. गफूरचाचा त्याच पावसाळ्यात गेले. आत्याबाई नव्या घरात सहा वर्षं राहिल्या. मी दुपारचं काम थांबवून त्यांच्याजवळ जाऊन बसायचा प्रयत्न करायचे. पैठणचं विचारायचे, माहेरचं विचारायचे, गुडघे कसे आहेत विचारायचे. त्या उत्तर द्यायच्या, एका-दोन वाक्यांत. मग दोघी गप्प. दुपारी झोपा काढतात त्या, असं मी सुधीरना सांगायचे. झोपत नव्हत्या.

मी नंतर बऱ्याच जाणकारांना विचारलं. कुणी क्रॉस-कनेक्शन म्हणालं, कुणी म्हातारपणाचे भास. विहिरीचं कुणीतरी पैठणला कधीतरी सांगितलं असेल, ते डोक्यात राहिलं असेल, असंही एकजण म्हणाले. सुटी वायर आणि चालू फाइल सांगितली की सगळे विषय बदलतात. गायकेवर मी नाहक संशय घेतला होता, आणि ज्यांच्यावर घ्यायला नको होता त्यांच्यावरही. मला उत्तर मिळालेलं नाही. खरं विचारावं अशी दोनच माणसं होती, आणि त्यांना नीट विचारायची वेळ होती तेव्हा मी सोफ्यामागं स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसले होते.